आधी रक्त की आधी काळीज

भाचीच्या पहिल्या सोनोग्राफीला मी तिच्याबरोबर गेले होते. ताई असती तर तीच गेली असती. ती गेल्यापासून अशा वेळी मला बोलावणं येतं, आणि त्याचं मला बरंही वाटतं आणि आत कुठेतरी दुखतंही. बडोद्याच्या अलकापुरीतल्या त्या केंद्रात बाहेर चपलांचा ढीग, आत एसीचा गारठा. गार जेल पोटावर पडताच ती दचकली. डॉक्टरबाई गुजराती, बोलायला मोकळ्या. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "आ जुओ, धबकारा." म्हणजे हृदयाचे ठोके. करड्या, दाणेदार अंधारात जेमतेम सेंटिमीटरभर काहीतरी होतं आणि त्याच्या मध्यावर एक ठिपका लुकलुकत होता. भाचीचे डोळे भरून आले. माझी नजर मात्र शेजारी गेली. त्या एवढ्याशा जिवाच्या बाजूला एक पांढरं, नेटकं, गोल कडं दिसत होतं. "आ योक सॅक छे," त्याचं माप घेता घेता बाई म्हणाल्या, "सरस छे, गोळ छे." भाचीने विचारलं, बाळाचं खाणं असतं का त्यात? "ना ना, माणसात तसं काही नसतं त्यात. ए तो पछी जतुं रहे."

परत येताना काळा घोड्याच्या चौकात रिक्षा अडकली. हॉर्न, धूर, डोक्यावर ऊन. रिपोर्टाची पिशवी मांडीवर घट्ट धरून ती म्हणाली, "मावशी, ज्यात काही नाही आणि जे राहणारही नाही, ते मग असतंच कशाला?" मी म्हटलं, अगं, बाळाचं पहिलं रक्त तिथे तयार होतं. "हो?" ती म्हणाली, आणि तेवढ्यात जावयाचा फोन आला. पुढचं सगळं बोलणं धबकाऱ्याचं झालं, आणि ते तसंच व्हायला हवं होतं.

पण तिचा प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. योक सॅक म्हणजे पीतक कोश, आणि तो परीक्षेत दोन मार्कांचा. आकृती काढा, नावं द्या. त्या दोन मार्कांच्या गोष्टीत केवढं दडलेलं आहे हे मला स्वतःला नोकरीच्या उत्तरार्धात, नवे शोधनिबंध वाचताना हळूहळू कळत गेलं. आणि ते कळण्याआधी कितीतरी वर्षं मी ते पाहिलेलं होतं, अगदी उघड्या डोळ्यांनी.

युनिव्हर्सिटीत असताना आम्हाला कोंबडीच्या भ्रूणाचं प्रॅक्टिकल असायचं. उबवणीच्या पेटीत ३८ अंशांवर ठेवलेली अंडी हातात घेतली की त्यांची ऊब तळव्याला कळायची. अंडं आडवं ठेवून वरच्या अंगाला कवच हलकेच फोडायचं, कारण भ्रूण नेहमी बलकाच्या वरच तरंगतो. मग कोमट सलाइन, बारीक कात्री, फिल्टर पेपरचं मध्ये भोक पाडलेलं वर्तुळ. ते वर्तुळ भ्रूणावर अलगद टेकवायचं, कडेने कापायचं आणि कागदाला चिकटलेला भ्रूण चिमट्याने उचलून वॉच ग्लासमध्ये घ्यायचा. कच्च्या बलकाचा उबट वास सगळ्या खोलीभर. सूक्ष्मदर्शकाखाली ४८ तासांच्या भ्रूणात हृदय हलताना दिसायचं, आणि त्याच्या भोवती, भ्रूणाच्या शरीराबाहेर, बलकावर पसरलेल्या पातळ पडद्यात तांबड्या वाहिन्यांचं जाळं. सलाइन गार झालं की ठोके मंदावायचे. ड्रॉपरने गरम सलाइनचा थेंब सोडला की पुन्हा लय धरायचे. मी तो थेंब सोडत राहायचे. बाकीच्या मुलींच्या आकृत्या पूर्ण व्हायच्या, माझी अर्धी राहायची. आपण याला बाहेर काढलंय, हा आता जगणार नाही, हे ठाऊक असूनही त्याला अजून थोडा वेळ चालू ठेवण्याची ती धडपड कशासाठी होती, मला आजही नीट सांगता येणार नाही.

आमचं घर तेव्हा दांडिया बाजारात. अंड्याला हात लावून आलेय म्हटल्यावर आंघोळीशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायची सोय नव्हती. आजीचा तसा दंडकच होता. पण रात्री जेवणं आटोपली की तीच झोपाळ्यावर मला शेजारी बसवून घ्यायची आणि आवाज खाली आणून विचारायची, काय दिसलं आज? तिची दोन-तीन बाळं जन्माआधीच गेली होती. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, आम्हीही विचारलं नाही. एकदा मी तिला वाहिन्यांचं ते जाळं सांगत होते, तर तिने मध्येच थांबवून विचारलं, "आधी काय दिसतं गं? आधी रक्त की आधी काळीज?"

हा प्रश्न माणसाने फार पूर्वीपासून विचारला आहे. ॲरिस्टॉटलने अंडी फोडून पाहिली आणि त्याला रक्ताचा एक उडता ठिपका दिसला, तेच हृदय. त्याच्या मते हृदय आधी. रक्ताभिसरण शोधणाऱ्या विल्यम हार्वीने १६५१ सालच्या ग्रंथात उलट कौल दिला, रक्त आधी. आजीला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी पेटीतून लवकरच्या तासांची अंडी मागून घेतली. दीड दिवसाच्या आसपासच्या भ्रूणात हृदय म्हणजे नुसती एक नळी, जेमतेम थरथरू लागलेली. पण बाहेरच्या पडद्यात, कडेकडेने, फिकट तांबूस ठिपके आधीच उमटलेले. त्यांना रक्तद्वीपं म्हणतात. वाहिन्या अजून नीट जोडल्या गेलेल्या नाहीत, पंप सुरू झालेला नाही, कुठे वाहायचं ते ठरलेलं नाही, आणि रक्त तयार. आजीला येऊन सांगितलं, "आधी रक्त." ती काही बोलली नाही, नुसता झोपाळ्याला पायाने रेटा दिला.

फ्लॉरेन्स सेबिन नावाच्या अमेरिकन बाईंनी हेच जिवंत भ्रूणात पाहिलं होतं. जॉन्स हॉपकिन्समध्ये, कोंबडीचा भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत ठेवून, रात्रभर जागून. वाहिन्या कशा जुळतात, वाहिनीच्या अस्तरातल्या पेशींमधूनच रक्तपेशी कशा सुटतात आणि शेवटी पहिला ठोका कसा पडतो, हे सगळं त्यांनी एका बैठकीत बघितलं आणि १९२० मध्ये लिहून ठेवलं. अस्तरातून रक्त सुटतं हे त्यांचं निरीक्षण मी मुद्दाम इथे टिपते आहे, कारण ते किती खरं होतं हे कळायला पुढे नव्वद वर्षं लागली.

माणसात बलक नाही, पण पीतक कोश आहे. आणि रक्त तिथेच सुरू होतं, गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात. पाळी चुकली आहे हे त्या बाईच्या नुकतं कुठे लक्षात येत असतं. हृदयाचा पहिला ठोका बाविसाव्या दिवसाच्या सुमारास. म्हणजे आजीला दिलेलं उत्तर माणसालाही लागू. या पहिल्या तांबड्या पेशी मोठ्या असतात, केंद्रकासकट रक्तात उतरतात आणि केंद्रक नंतर वाहता वाहता टाकतात. आपल्या आत्ताच्या तांबड्या पेशी ते हाडांतल्या मज्जेतून बाहेर पडण्याआधीच टाकून येतात. त्या पहिल्या पेशींतलं हिमोग्लोबिनही निराळं असतं, फक्त त्या दिवसांपुरतं. तांबड्या पेशींबरोबर त्याच कोशात आणखी एक जात तयार होते, भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज. मेलेलं, मोडलेलं, परकं काही दिसलं की गिळून टाकणाऱ्या. त्यांच्याकडे मी परत येणार आहे, कारण भाचीच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांच्यापाशी आहे.

पुढचा वाद मोठा होता. मोठेपणी आपल्या मज्जेत ज्या मूळपेशी असतात, ज्या जन्मभर दर सेकंदाला वीसेक लाख तांबड्या पेशी बनवतात आणि पांढऱ्याही बनवतात, त्या कुठून येतात? १९७० मध्ये मूर आणि मेटकाफ यांनी मांडलं की त्या पीतक कोशातूनच निघतात, मग यकृतात जातात, मग मज्जेत. सरळ, पटण्यासारखं. आम्हाला हेच शिकवलं गेलं. पण १९७५ मध्ये फ्रान्समध्ये फ्रान्स्वाज दिएतर्लां-लिएव्र यांनी फार सुंदर प्रयोग केला. जपानी लावा पक्ष्याच्या भ्रूणाचं शरीर त्यांनी कोंबडीच्या पीतक कोशावर कलम केलं. लाव्याच्या पेशीचं केंद्रक रंगवलं की त्यात एक गडद ठिपका दिसतो, कोंबडीच्या पेशीत तो नसतो. निकोल ल दुआरें यांनी ही खूण आधीच शोधून ठेवली होती. त्यामुळे कोणती पेशी कोणाची ते थेट ओळखता येत होतं. कोशाचं रक्त टिकणार असेल तर वाढलेल्या पिल्लात कोंबडीच्या पेशी दिसायला हव्या होत्या. दिसल्या त्या लाव्याच्या. टिकणारं रक्त शरीराच्या आतूनच आलेलं होतं.

बडोद्यात जन्मलेल्या मराठी माणसाला हा वाद लगेच कळतो असं मला नेहमी वाटत आलंय. पुण्याला कोणाकडेही गेलं की दुसरा प्रश्न ठरलेला, "तुम्ही मूळचे कुठले?" बडोद्याचे, म्हटलं की समाधान होत नाही. "ते झालं, पण मूळचे?" आता काय सांगायचं? आमचे कोणी खापरपणजोबा सयाजीरावांच्या काळात शिक्षक म्हणून आले. शेजारच्या वाड्यातले लोक त्याच्याही शंभर-दीडशे वर्षं आधी, गायकवाडांच्या फौजेबरोबर आलेले. समोरचे काका नंतर, रिफायनरीत नोकरी लागली म्हणून. सगळे बडोद्याचेच मराठी, सगळ्यांच्या बोलण्यात तोच गुजराती हेल, पण येण्याच्या लाटा वेगळ्या. काही घराणी आली ती एका वाड्यात रुजली आणि तिथून कधी हललीच नाहीत. काही गल्ल्यांमध्ये मात्र बाहेरून नवी माणसं येतच राहिली. रक्ताच्या पेशींचं नेमकं असंच निघालं. एक मूळ शोधायला गेलेल्या लोकांना लाटा सापडल्या.

पहिली लाट पीतक कोशातली, ती मघाशी सांगितली. दुसरीही तिथलीच, थोडी उशिराची. तिच्या पेशी निघून यकृतात जातात आणि जन्मापर्यंत गर्भाचा बराचसा भार त्याच उचलतात. आणि तिसरी, जन्मभर पुरणारी, ती भ्रूणाच्या मुख्य धमनीतून. १९९६ मध्ये मेडविन्स्की आणि झिएर्झाक यांनी उंदराच्या भ्रूणातला धमनीलगतचा पट्टा वेगळा काढून बशीत वाढवला. बाकी कोणाचीही मदत नसताना त्या तुकड्याने मूळपेशी तयार केल्या. या पेशी सुरुवातीला किती असतात? अकरा दिवसांच्या उंदराच्या भ्रूणात त्या भागात जेमतेम एखादी सापडते. माणसाच्या भ्रूणातही अगदी मोजक्या. तिथून पुढे सगळं.

२०१० मध्ये ते घडताना चित्रित झालं, झेब्रा माशाच्या पारदर्शक भ्रूणात आणि उंदरातही. मी ती चित्रफीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा घरात एकटीच होते. धमनीच्या तळाच्या अस्तरातली एक चपटी पेशी. शेजारणींना घट्ट धरून बसलेली, तिचं काम भिंत होऊन राहायचं. ती हळूहळू वाकते, मध्यातून फुगते, कडा आत ओढून घेते. दोन्ही बाजूंच्या पेशी सरकून एकमेकींना भिडतात, म्हणजे भिंतीला भोक पडत नाही. आणि ही गोल होऊन सुटते. भिंत होती ती रक्त झाली. याला आरयूएनएक्स-वन नावाचं जनुक लागतं. ते नसलेले उंदराचे भ्रूण साडेबाराव्या दिवसाच्या सुमारास मरतात, पहिल्या लाटेचं रक्त असूनही. आणखी एक गोष्ट लागते, वाहतं रक्त. भिंतीवरून रक्त घासत जातं त्या दाबाने अस्तरातल्या पेशींना इशारा मिळतो. ज्या भ्रूणांचं हृदय धडकतच नाही त्यांच्यात अशा मूळपेशी फार कमी तयार होतात. २००९ मध्ये हे दाखवलं गेलं.

म्हणजे आजीच्या प्रश्नाला दुसरंही उत्तर होतं. पहिलं रक्त काळजाच्या आधी, पण जन्मभर पुरणारं रक्त काळजाच्या नंतर, त्याच्या ठोक्यांमुळे. हे तिला सांगायला ती राहिली नव्हती.

अलकापुरीतल्या त्या सकाळी, हिशेब केला तर, गर्भधारणेला पाचेक आठवडे झाले होते. डॉक्टर पाळीपासून मोजतात म्हणून सात. माणसाच्या भ्रूणात धमनीच्या तळाशी मूळपेशी सुटण्याचे दिवस नेमके तेच, चौथ्या आठवड्याच्या शेवटापासून सहाव्यापर्यंत. तो ठिपका पडद्यावर लुकलुकत होता आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याने त्या भिंतीवरून रक्त सरकत होतं. सोनोग्राफीत हे दिसत नाही. पण ते चाललेलं होतं, तेव्हाच, भाची डोळे पुसत होती तेव्हा.

सुटलेल्या पेशी यकृतात जातात. गर्भाचं यकृत इतकं वाढतं की आतड्याला पोटात जागा उरत नाही, ते काही आठवडे नाळेत सरकून राहतं आणि मग परत येतं. यकृतात मूळपेशी संख्येने वाढतात, मग हाडं तयार होऊ लागली की मज्जेत शिरतात आणि तिथे कायमच्या राहतात. एवढं सगळं होईतो पीतक कोश आक्रसतो आणि पहिल्या तिमाहीच्या शेवटाला सोनोग्राफीत दिसेनासा होतो. डॉक्टरबाई म्हणाल्या ते बरोबरच होतं.

पण सगळा जात नाही.

त्या पहिल्या भक्षक पेशी आठवतात? रक्ताची वाट सुरू झाली की त्यातल्या काही मेंदूकडे निघतात. मेंदू तेव्हा नुसती नळी असते. त्या आत शिरतात आणि राहतात. पुढे मेंदूभोवतीचा पहारा असा कडक होतो की रक्तातल्या पेशींना सहजी आत जाता येत नाही. आत शिरलेल्या त्या पेशींना मायक्रोग्लिया म्हणतात. पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी त्यांना १९१९ मध्ये वेगळं ओळखलं, पण त्या येतात कुठून यावर पुढे नव्वद वर्षं एकमत नव्हतं. २०१० मध्ये फ्लोरां जिनू आणि सहकाऱ्यांनी उंदरात पीतक कोशातल्या पेशींवर खूण करून त्यांचा माग काढला, आणि मोठ्या उंदराच्या मेंदूत त्याच खुणेच्या पेशी सापडल्या. मज्जेतून आलेल्या जवळजवळ नाहीत. मायक्रोग्लिया मेंदूतच विभागतात, जागच्या जागी आपली वस्ती टिकवतात. माणसाच्या मेंदूत त्यांचं सरासरी वय ४.२ वर्षं निघालं आहे. पेशी बदलत राहतात, घराणं तेच. बाळाच्या मेंदूत चेतापेशींचे जोड गरजेपेक्षा जास्त तयार होतात. त्यांची छाटणी याच पेशी करतात. मेलेल्या पेशी उचलतात, जंतू शिरला तर धावतात.

शरीरात इतरत्रही हेच, पण प्रत्येक ठिकाणचा मिलाफ वेगळा. यकृतातल्या कुप्फर पेशी मुख्यतः भ्रूणावस्थेतल्याच. फुप्फुसातल्या भक्षक पेशी गर्भाच्या यकृतातून आलेल्या, जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, श्वास सुरू झाल्यावर स्थिरावणाऱ्या. आतड्यात मात्र जुन्या फारशा टिकत नाहीत, रक्तातून सतत नव्या भरती होतात. आपण रोगप्रतिकार म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे लसी आणि अँटिबॉडी येतात. पण शरीराचे सर्वांत जुने राखणदार त्या सगळ्याच्या आधी, आई-बापांना धड माहीतही नसताना, एका रिकाम्या दिसणाऱ्या पिशवीत जन्मलेले असतात. ज्याला "काही नाही त्यात" म्हणतो, त्याचा वंश आपल्या डोक्यात आहे. भाचीच्या, माझ्या, डॉक्टरबाईंच्याही.

हे सगळं निव्वळ कुतूहलाचं राहिलं असतं तरी मला पुरलं असतं. पण आमच्या सोसायटीत एक मुलगा आहे, आता दहावीत. जन्मला तेव्हा गोरापान, गुटगुटीत. सहा महिन्यांचा झाला आणि फिकट पडायला लागला. दूध पिईना, पोट फुगलं. घरात नजर उतरवून झाली, दूध बदलून झालं. थॅलेसेमिया मेजर, रक्ताचा आनुवंशिक आजार. त्याची आई मला नेहमी विचारायची, मावशी, जन्मताना चांगला होता, मग मध्येच असं काय झालं? झालेलं काहीच नव्हतं. गर्भातलं हिमोग्लोबिन वेगळ्या साखळ्यांचं असतं, आणि जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते बंद करून मोठ्यांचं सुरू करतं. त्या मोठ्यांच्या हिमोग्लोबिनची एक साखळी या मुलाला नीट बनवता येत नाही. जोवर गर्भातलं रक्त साथ देत होतं तोवर तो ठीक होता. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "म्हणजे माझ्या पोटात होता तोवर त्याला काही त्रास नव्हता." मी म्हटलं, नव्हता. तिला त्या एका गोष्टीचा किती आधार वाटला ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवतात. साठणारं लोह काढायला औषध. मज्जारोपणासाठी बहिणीची मज्जा जुळली नाही. २०२३ च्या शेवटी ब्रिटनने एका जनुकोपचाराला मंजुरी दिली, ज्यात रुग्णाच्याच मूळपेशींमधलं एक बटण बंद करून गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतात. खर्च ऐकून त्याच्या वडिलांनी विषयच सोडून दिला. प्रयोगशाळेत कोणाच्याही पेशींपासून मूळपेशी घडवता याव्यात म्हणून जगभर जे काम चाललंय, त्याचा सगळा नकाशा भ्रूणाच्या त्या धमनीवरून घेतलेला आहे. ती भिंत हे कसं करते ते पूर्ण उलगडलं तर अशा मुलांना जुळणाऱ्या दात्याची वाट बघावी लागणार नाही. म्हणून मला लाव्याच्या आणि कोंबडीच्या त्या कलमाबद्दल इतकी कृतज्ञता वाटते. पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी निव्वळ "कुठून येतं हे" म्हणून विचारलं होतं.

मागच्या आठवड्यात भाची एक गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन आली. बाळाच्या नाळेतलं रक्त गोठवून ठेवा, आयुष्यभराचा विमा, हप्त्यांची सोय. जावई अर्धा तयार झालेला. मी तिला समोर बसवलं. नाळेच्या रक्तात मूळपेशी असतात हे खरं. १९८८ मध्ये पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी त्याच पेशी देऊन एका मुलाला वाचवलं हेही खरं. पण त्या त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतल्या होत्या, त्याच्या स्वतःच्या नव्हेत. बाळाला रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर तो त्याच्या नाळेतल्या पेशींतही असणार. घरात आधीच एखादं आजारी भावंड असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर स्वतःच्याच पुढच्या आयुष्यासाठी ते साठवून ठेवण्याला फारसा आधार नाही, आणि धाकात असलेल्या आई-बापांना हे असं विकणं मला पटत नाही. तिची थॅलेसेमियाची तपासणी झाली आहे, ती ठीक आली आहे. ते महत्त्वाचं होतं, आणि त्याला माहितीपत्रक लागलं नाही.

तिने ऐकलं. मग म्हणाली, "आईच्या पेशी माझ्यात असतील का गं? कुठेतरी वाचलं मी." वारेतून दोन्हीकडे थोडी ये-जा होते हे खरं आहे. १९९६ मध्ये डायना बियांकी आणि सहकाऱ्यांना बाळंतपणाला सत्तावीस वर्षं उलटल्यावरही एका आईच्या रक्तात मुलाच्या पेशी सापडल्या होत्या, आणि नंतर मोठ्या झालेल्या निरोगी मुलांमध्ये आईच्याही. तिच्यात ताईच्या आहेत की नाहीत ते तपासल्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही. मी तिला तेवढंच सांगितलं, वाढवून काही नाही. ती पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने रेघा ओढत बसली होती.

थोड्या वेळाने तिने सोसायटीतल्या त्या मुलाचं विचारलं, त्याला बाहेरचा कोणी दाता मिळू शकतो का. मिळू शकतो, नोंदणीत जितकी जास्त माणसं तितकी शक्यता जास्त. नाव घालायला गालाच्या आतून कापसाने नमुना देतात, बस. वयाची अट असते, माझं वय कधीच उलटून गेलं. तिचं बसतं. "बाळंतपण होऊ दे," ती म्हणाली, "मग मी नाव घालते. त्यांनाही घालायला लावते."